साडूभाऊ, तुमचं यंत्र परत घेऊन जा

आदरणीय साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा उभ्या उभ्याच नमस्कार. (साष्टांग घालायला माझी ना नव्हती, पण दुकानात सध्या दातांच्या डॉक्टरांचे बाक आडवे पडलेत आणि त्यांच्यामधून जेवढी जागा उरली आहे तेवढ्यात फार तर मांजर साष्टांग घालू शकेल.) तुमचा गुडघा आता वळतो का? थोरल्या ताईंचा खोकला गेला का, की अजून समोरचा माणूस खोटं बोलायला लागला की नेमका येतो? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचून तुम्हाला त्यातलं जेवढं खरं वाटेल तेवढं घ्या. पत्र कापडाच्या कपाटावर कागद ठेवून लिहितो आहे. उभ्या जन्मात लोकांना बसवण्याचं काम केलं, सोफे, खुर्च्या, बाक, एका श्रीमंत कुत्र्याचा पलंगसुद्धा, पण आज मला स्वतःला कुठे म्हणून बसवत नाही. दोन ओळी लिहितो, दारात जातो, रस्त्याच्या टोकापर्यंत बघतो, परत येतो. तेव्हा अक्षर आणि मजकूर दोन्ही मध्येच उठून गेल्यासारखे वाटले तर सांभाळून घ्या.

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो, कारण ही डॉक्टरांकडे रेक्झिनचा रंग ठरवायला गेली आहे आणि मध्येच आली तर कागद खिशात कोंबावा लागेल. तुम्ही प्रेमाने पाठवलेला, खिळ्यांच्या जागी विजेवर पिना मारणारा पॉवर स्टेपलर परत घेऊन जा. त्याच्यापायी तुमची मेहुणी दुकान सोडून चालली आहे. म्हणजे अजून गेलेली नाही. तुमच्या गावातल्या त्या संस्थेत मुलींना सोफ्याचं काम शिकवायला येणार की नाही, हे तिला महिनाअखेर कळवायचं आहे, आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी झालंय. यंत्राचा आणि नोकरीचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. तोच सांगायला बसलो आहे. (उभा आहे.)

आमच्या कामात बारीक खिळे तोंडात धरायची रीत तुम्ही पाहिलीच आहे. चिमूटभर खिळे गालात टाकायचे, जिभेने एकेक पुढे आणायचा, ओठांत धरायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने तिथून उचलायचा आणि ठोकायचा. एका हातात ताणलेलं कापड, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळ्यांना तोंडाशिवाय जागा कुठली? (थोरल्या ताई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मी नुसती मान हलवली म्हणून त्या मला आजतागायत घुम्या म्हणतात. मी 'या' म्हटलं असतं तर त्यांच्या पायांवर खिळ्यांचा सडा पडला असता, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं, कारण त्या येतात तेव्हा माझं तोंड नेहमी भरलेलं असतं.) लग्नानंतर हीसुद्धा काम शिकली आणि तिनेही गाल भरले. तेव्हापासून आम्ही दोघं एका सोफ्याच्या दोन टोकांना, तोंडात खिळे धरून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एकदा 'हं' म्हटलं की ताण, दोनदा म्हटलं की सोड, भुवया वर गेल्या की गिऱ्हाईक आलं, भुवया खाली आल्या की तेच गिऱ्हाईक पुन्हा आलं. एवढ्यावर आमचं सगळं भागायचं. घरी गेल्यावर जबडे इतके आंबलेले असायचे की जेवण्यापुरतं तोंड उघडलं तरी पुष्कळ. आमच्यात कधी भांडण होत नाही म्हणून तुम्ही सगळे आमचं उदाहरण देत असता. भांडायला तोंड रिकामं लागतं हो, साडूभाऊ.

आणि ते तुम्ही रिकामं केलंत. खोकं आलं त्या दिवशी आम्ही दोघंही लहान मुलांसारखे त्याच्याभोवती फिरत होतो हे मी नाकबूल करत नाही. यंत्र हातात धरायला छान, वजनाला बेताचं, मुठीत बसणारं. सोबत माहितीची चोपडी, तिच्यातलं अक्षर मुंगीने लिहिल्यासारखं, आणि पहिल्याच पानावर डोळ्यांना प्लास्टिकचा चष्मा लावून हसणारा एक गृहस्थ. (यंत्र चालवताना इतकं हसू कोणाला येतं हे मला अजून कळलेलं नाही.) वर तुमचा फोन. तुम्ही सांगत होता, चष्म्याशिवाय हात लावायचा नाही, चापावर बोट ठेवून दुकानात हिंडायचं नाही, कोणाकडे रोखायचं नाही, पिन अडकली तर आधी प्लग काढायचा, दुसरा हात यंत्राच्या नाकापासून, म्हणजे पिन सुटते त्या टोकापासून लांब, आणि ज्या फळीवर पिन मारायची तिच्या पाठीमागे काय आहे ते बघून मग मारायची. तुम्ही हत्यारांचं दुकान चालवता, तुम्हाला सांगायचा अधिकार आहे, पण तुमची सांगण्याची पद्धत अशी की ऐकणाऱ्याला आपण ऑपरेशनला निघालोय असं वाटावं. मी 'हो हो' म्हणत होतो आणि ही शेजारी उभी राहून मन लावून ऐकत होती. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

पहिल्या दिवशी काय केलं असेल? सवयीने मी पिनांची एक पट्टी मोडली आणि तोंडात टाकली. पिना चिकटवायला जो गोंद लावतात त्याची चव तुम्हाला माहीत नसणार. तुमच्यासारख्या माणसाने ती घेऊही नये. मी तोंड धुवायला मोरीकडे धावलो तर तिथे ही आधीच चूळ भरत उभी! तिनेही तेच केलं होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि ही हसायला लागली. साडूभाऊ, एवढा संसार केला पण हिला दुकानात मोठ्याने हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. मला फार बरं वाटलं, हे सांगून ठेवतो, म्हणजे नंतर जे झालं त्याचा दोष मी सुरुवातीपासून यंत्राला देत होतो असं तुम्हाला वाटायला नको.

थांबा, दारात कोणीतरी आलंय.

कोणी नाही, पत्ता विचारत होता. तर दातांचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतले बाक आपल्याकडे आलेत, आणि काम कुठवर आलं ते बघायला ते स्वतः हजर झाले. मी त्या वेळी बाकावर बसून, मांडीजवळ आतल्या कापडाची कड दुमडून पिना मारत होतो. नाक टेकवल्याशिवाय चाप ओढला तरी पिन सुटत नाही, म्हणून यंत्र अगदी बिनधोक आहे, असं तुम्ही सांगितलं होतं. नाक मी टेकवलं होतं. फक्त ते कापडावर न टेकता माझ्या एप्रनवर टेकलं होतं, आणि एप्रनच्या खाली कापड, कापडाखाली फळी. डॉक्टर आत आले, मी उठायला गेलो आणि उठलोच नाही. पुन्हा जोर केला, तर बाकाचं एक टोक माझ्याबरोबर नमस्काराला वर आलं. मग मी तसाच बसून राहिलो आणि त्यांना म्हणालो, बसा ना. ते बसले. मी बसलो. ही चहा सांगायला गेलेली. आता मोठ्या माणसासमोर आपण उठलो नाही याचं काहीतरी कारण द्यावं, म्हणून मी सांगितलं की बैठक पारखायची तर तिच्यावर बराच वेळ बसावं लागतं. त्यांना ते इतकं पटलं की तेही बराच वेळ बसले. आमच्या दोघांमध्ये बोलण्यासारखं काही नव्हतं. ते माझ्या दातांकडे बघत होते आणि मी त्यांच्या बुटांकडे. शेवटी ही आली, तिने एका नजरेत सगळं ओळखलं, पक्कड उचलली आणि डॉक्टरांच्या देखत माझ्या मांडीपाशी वाकून एकेक पिन उपटायला लागली. डॉक्टर म्हणाले, छान, आमच्याकडेही असंच असतं, पेशंट खुर्चीला धरून बसतो, आम्ही उपटतो.

दुसऱ्या वेळी चष्म्याने घात केला. तुमचा तो प्लास्टिकचा चष्मा मला माझ्या चष्म्यावरून लावावा लागतो, आणि मी तोंडाने श्वास घेत असल्यामुळे (इतकी वर्षं तोंड मिटून काम केलेला माणूस, आता उघडायला मिळालंय तर घेणारच) दोन्ही काचांवर वाफ धरते. त्या धुक्यात मी एका आरामखुर्चीचं कापड फार सफाईने, सुरकुती न पडू देता, उलटं मारलं. फुलं सगळी आत, दोरे बाहेर. खिळ्याने मारलं असतं तर दहा खिळ्यांत लक्षात आलं असतं, पण हे यंत्र इतकं भराभर चालतं की चूक पुरी व्हायच्या आत थांबताच येत नाही. ही म्हणाली, राहू द्या, कोणाला फुलांची ॲलर्जी असली तर देऊ त्याला. तेव्हाही हसली. आता या हसण्याची मला थोडी काळजी वाटायला लागली होती, कारण हसण्याच्या पाठोपाठ बोलणं येत होतं.

पिना अडकण्याचं तर विचारूच नका. अडकली की माझा हात आपसूक यंत्राच्या नाकाशी जातो, नखाने काढावी म्हणून. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा ही दुकानाच्या त्या टोकाहून अशी ओरडली, "अहो, आधी प्लग!" की रस्त्यावरून चाललेला एक माणूस थांबून स्वतःच्या खिशात बघायला लागला. तेव्हापासून प्लगजवळ तिचं स्टूल. मी पिन मारायची, अडकली की तिच्याकडे बघायचं, तिने प्लग काढून हातात उंच धरून दाखवायचा, मग मी नाक उघडायचं. मला ही व्यवस्था मनापासून आवडली. एका यंत्राला दोन माणसं लागतात, असं मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागलो. पण प्लगजवळ बसलेल्या माणसाला दुसरं काम काय? ती बोलायला लागली.

सुरुवातीला साधंच. कापड डावीकडे जातंय, कोपरा फुगतोय. मला आधी कळेचना की बोलतंय कोण, मी दोनदा दाराकडे बघितलं. मग गाडी पुढे सरकली. भिंतीचा रंग तिला कधीच आवडला नव्हता. खिडकीपाशी ठेवलेलं कपाट दुसरीकडे हवं होतं. (तेच हे कपाट, ज्यावर मी लिहितो आहे, ते आता दाराशी आहे, म्हणून तर रस्ता दिसतो.) मी काही बोललो की ती त्यावर बोलायची, तिने काही म्हटलं की मी त्यावर, आणि अशा रीतीने आम्हाला पहिल्यांदा समजलं की आमचं एकाही गोष्टीवर एकमत नाही. फोम किती जाड घ्यावा इथपासून माझ्या आत्याचा स्वभाव चांगला होता की नाही इथपर्यंत. आणि मग एके दिवशी दुपारी, चहा पिता पिता, अगदी सहज, ती म्हणाली, "तुमची बैठक कडक होते हो." मी म्हटलं, कोणाची? तर म्हणाली, तुमची, पहिल्यापासून. मी जेवायला घरी गेलो की ती माझ्या मारलेल्या कापडाची मागची कड उसवून आत कापसाचा एक थर घालते आणि पुन्हा होती तशी ठोकते. कधीपासून, असं विचारायचं धैर्य मला झालं नाही. लोक मला रस्त्यात थांबवून सांगतात की तुमच्या सोफ्यावरून उठावंसं वाटत नाही! मी ती सगळी स्तुती अंगाखांद्यावर घेऊन मिरवत होतो. मी लगेच उठून माझ्या स्वतःच्या एका खुर्चीवर बसून बघितलं, जी तिच्या हाताखालून गेलेली नव्हती. कडक आहे. तेव्हापासून बसवत नाही ते आजतागायत.

रिक्षा थांबल्यासारखी वाटली म्हणून बघून आलो. नव्हती. कुठे होतो मी?

हां, तो दिवस. मी एका खुर्चीची पाठ करत होतो, पातळ प्लायवूडची. उजव्या हातात यंत्र, डावा हात प्लायच्या मागे, आधाराला. (माहीत आहे. पाठीमागे काय आहे ते बघून मारा. पाठीमागे मी होतो.) ही प्लगजवळ. आणि तिने सांगितलं की मागे ती तुमच्याकडे राहायला आली असताना थोरल्या ताईंचा सोफा नीट करून दिला, त्यावर शेजारच्या संस्थेच्या बाई येऊन बसल्या, आणि उठता उठता त्यांनी हिला शिकवायला या असं विचारलं. आठवडाभर तिकडे, सुट्टीला इकडे. तिला जावंसं वाटतंय. विचारायचं कधीपासून मनात होतं, म्हणाली, पण तोंडात खिळे असायचे. आणि माझा चाप ओढला गेला.

पिनेचं एक टोक प्लायमधून आरपार येऊन माझ्या मधल्या बोटात शिरलं. मी आरडाओरडा केला नाही, कारण मला तेव्हा बोटाचं काही वाटतच नव्हतं. हिने मात्र प्लग ओढला, पक्कड आणली, बोट सोडवलं, मला औषधाच्या दुकानात नेलं, तिथल्या माणसाने पट्टी बांधली आणि सोफ्याचं काम करणाऱ्याला इतकी साधी गोष्ट कळू नये याचं नवल केलं. तेव्हापासून माझा डावा हात कामातून गेलेला आहे. बोट वाकत नाही. ठणकतं. पट्टी मी स्वतःच बदलतो, कारण हिला रक्त बघवत नाही. कापड ताणायचं, पिना मारायच्या, कड दुमडायची, सगळं ती एकटी करते, आणि संस्थेला काय कळवायचं याचा विषय तिने त्या दिवसापासून काढलेला नाही. मी तर नाहीच काढत. अशा हाताने माणसाला एकटं टाकून जाणं तिच्या जिवावर येणार, हे उघड आहे. पण महिना संपत आलाय, साडूभाऊ, आणि बोट काही जन्मभर दुखत राहणार नाही.

आता मला असाही संशय येतो की हा सगळा तुमचा आणि थोरल्या ताईंचा डाव आहे. आधी बाईंना सोफ्यावर बसवलंत. मग विचार केलात, ही गेली तर तो घुम्या एकटा काय करणार, आणि एका माणसाला दोघांचं काम करता येईल असं हत्यार दुकानातून काढून बांधून पाठवलंत. फोनवर माझ्याशी बोलत होता, पण ऐकवत तिला होता. मी रागावलेलो नाही. पण माझा विचार कोणी केला? ही गेली तर या दुकानात सकाळी कुलूप उघडल्यावर मी कोणाकडे बघून भुवया वर करायच्या? मला करमणार नाही, सरळ सांगतो. घरी तर नाहीच नाही.

म्हणून विनंती एवढीच. यंत्र परत घेऊन जा, आणि त्यासोबत हिला चार ओळी लिहा. तुमच्या शब्दाला ती मान देते. लिहा की हत्यारांच्या धंद्यातला माणूस म्हणून तुमचं स्पष्ट मत आहे, पॉवर स्टेपलर एकट्या माणसाने चालवू नये, प्लगजवळ कायम दुसरं माणूस हवं, आणि ते जाणतं, घरातलं हवं. बोटाला पिन लागून हात कायमचा गेल्याची एखादी हकीकत तुमच्या ऐकण्यात असेल तर तीही घाला. नसेल तरी घाला. बाकी सगळं ठीक. थोरल्या ताईंना नमस्कार सांगा, पत्र दाखवू नका. गुडघ्याला जपा, जिने मोजून चढा.

आपला,
धाकटा साडू

ता. क. पाकीट बंद करणार इतक्यात ही आली. बाकांना हिरवा रंग ठरला. आल्या आल्या पिशवी खाली ठेवली, माझा डावा हात हातात घेतला आणि पट्टी सोडायला लागली. मी म्हटलं, रक्त असेल. तिने ऐकलं नाही. तर आता तुम्हाला सांगायला हरकत नाही की बोट केव्हाच बरं झालंय. खपलीसुद्धा पडून गेली. वर लिहिलेलं ठणकणं, न वाकणं, सगळं माझ्या पदरचं. तिने बोट उजेडाकडे धरून नीट बघितलं, इकडून तिकडून. तिथे काहीही नव्हतं, तुमच्या आमच्या कोणाही बोटासारखं बोट. मग तिने पिशवीतून नवी पट्टी काढली, तीच घेऊन आली होती, आणि सावकाश बोटाला गुंडाळली, टोक आत खोचलं आणि म्हणाली, "अजून ओलं आहे. हे काही महिनाअखेरपर्यंत सुकत नाही." आणि तोंड फिरवून बाकांकडे गेली. तिला खोटं बोलता येत नाही, साडूभाऊ, कधीच आलेलं नाही. माझ्यासाठी बोलली. मला लाज वाटली आणि भरूनही आलं, आणि दोन्ही एकाच वेळी कसं आवरायचं ते कळेना, म्हणून रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आलो.

ता. क. २. वरचं सगळं रद्द समजा. चार ओळी लिहू नका. लिहायच्याच तर अशा लिहा की यंत्र एकट्या माणसाचंच आहे आणि तुमच्या साडूला ते उत्तम चालवता येतं. हे खरं आहे. ही बाहेर गेली की मी एकटा चालवतो, आजही दोन बाकांच्या आतल्या कापडाच्या कडा मारून ठेवल्या आणि वर फडकं टाकलं. चष्मा लावतो, नाकाने श्वास घेतो, अडकली की आधी प्लग काढतो आणि हातात उंच धरून समोरच्या रिकाम्या स्टुलाला दाखवतो. डावा हात मागे ठेवत नाही. तेव्हा यंत्र राहू द्या. खरं मागणं आहे ते हे, की तिची राहायची सोय तुमच्या मागच्या खोलीत करा. खिडकी बंद असली की तिला झोप लागत नाही, पण दुसऱ्याच्या घरी ती उघडा म्हणणार नाही. तेव्हा तुम्हीच उघडी ठेवा. चहा गोड झाला तर छान झालाय म्हणेल, साखर कमी घाला. सकाळी स्वयंपाकघरात शिरू दिलं नाही तर तिला उपऱ्यासारखं वाटेल, हे ताईंना बजावून सांगा. तुमच्या खुर्च्या उसवेल, उसवू द्या. एकदम गप्प झाली तर काय झालं म्हणून विचारू नका, हातात ताणायला काहीतरी द्या, आपणच बोलेल. आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा धरून द्या. इकडे स्टँडवर मी असेनच, बस उशिरा आली तरी.

ता. क. ३. पट्टी मी तिच्यासमोर सोडली आणि बोट वाकवून दाखवलं. ती रडली थोडी, मग म्हणाली की मोठी बॅग माळ्यावर आहे. ती शिडीवर चढली आहे आणि शिडी मी एका हाताने धरून उभा आहे, म्हणून हे शेवटचं अक्षर असं हलतंय.